दादा वर गेले

ढग एकलहऱ्याला तयार होतात, असं मला लहानपणी पक्कं वाटायचं. आमचे आप्पा तिथल्या वीज केंद्रात कामाला होते. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीच्या गच्चीवरून तिकडची धुराडी दिसायची, आणि त्यांच्या शेजारच्या बुटक्या, पोट सुटलेल्या मनोऱ्यांतून वाफेचा पांढरा लोट निघून थेट आभाळात मिसळायचा. शाळेत बाईंनी विचारलं, "ढग कसे तयार होतात?" मी हात वर करून सांगितलं, "आमचे आप्पा करतात." सगळा वर्ग हसला. घरी येऊन आप्पांना सांगितलं तर ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबरच सांगितलंस की. मी एकटा नाही करत, एवढंच."

पुढे माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात ‘क्लाउड’ हा शब्द आला आणि चांगली शिकलेली माणसं आभाळाकडे बोट दाखवून बोलायला लागली, तेव्हा मला आप्पा आठवले. कारण क्लाउड समजायला आभाळ नको, एकलहरे पुरे. आपण नाशिक रोडच्या स्वयंपाकघरात बटण दाबतो, मिक्सर फिरतो. कोळसा जळतो तिकडे. आपण काही घरोघरी वीज केंद्र बांधत नाही. तसंच हे. दुसऱ्याच्या मालकीचे, खूप मोठ्या, थंडगार हॉलमध्ये रांगेने मांडलेले कॉम्प्युटर असतात. आपले फोटो, हिशेब, पत्रं तिथं राहतात आणि आपण इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत पोचतो. जागा थोडी लागली तर बऱ्याचदा फुकट, जास्त लागली तर भाडं. झाला तुमचा क्लाउड. ढगबिग काही नाही.

खरं तर लेख इथंच संपायला हरकत नव्हती. हा अंक ज्या बाई काढतात त्या मला म्हणाल्या होत्या, "आमच्या वाचकांना समजेल असं लिहा, आणि हो, घाबरवू नका." पहिलं जमेल. दुसऱ्याची हमी मी देत नाही. मी मुळात काळजीखोर बाई आहे आणि आख्खी नोकरी मी काळजी करण्याच्याच पगारावर काढली आहे.

अंबडच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि एक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे सगळ्या कारखान्याचे पगार, ऑर्डरी, मालाचा साठा पोटात घेऊन बसलेला कॉम्प्युटर. त्याच्यासाठी स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीला एसी होता. माणसांना नव्हता. मे महिन्यात साहेब लोक काही ना काही निमित्त काढून माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि उगाच विचारायचे, "काय मॅडम, सर्व्हरची तब्येत बरी आहे ना?" वीज गेली की यूपीएस पीं-पीं करायचा. तो आवाज माझ्या डोक्यात इतका बसला होता, की रस्त्यावर कुणी टेम्पो मागे घेताना पीं-पीं वाजलं तरी माझ्या हातातला घास हातातच राहायचा.

रोज संध्याकाळी त्या सगळ्या माहितीची एक प्रत टेपवर उतरवायची आणि ती टेप डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायची, हे माझं काम. का? तर कारखान्याला आग लागली, छत गळलं, तर सर्व्हर आणि त्याची प्रत एकाच खोलीत नकोत. आई म्हणायची, "आख्खा कारखाना घेऊन येते माझी पोरगी, भाजीच्या डब्याखाली." एकदा डब्यातली आमटी सांडली. ओट्याशी उभी राहून ओढणीने टेप पुसता पुसता मी अक्षरशः रडले. आईला वाटलं, नोकरी गेली.

मग क्लाउड आला. सर्व्हरची खोली मोडली, एसी शेवटी साहेबांच्या केबिनला लागला. सगळे म्हणाले, "मॅडम, आता तुम्हाला आराम." आराम कसला डोंबलाचा! आधी काळजी डोळ्यांसमोर होती, तिला हात लावून बघता यायचं. आता ती कुठल्या गावाला राहायला गेली तेसुद्धा कळेना.

निवृत्त झाल्यावर लोक घरी यायला लागले. पंचवटीतले एक गुरुजी आले. यजमानांचे फोन, पत्ते, कुणाचं श्राद्ध कुठल्या तिथीला, सगळं त्यांच्या मोबाईलमध्ये होतं. मी म्हटलं, क्लाउडमध्ये ठेवू. ते विचारात पडले. "ठेवू म्हणता, पण ढगफुटी झाली तर?" मी हसले. गुरुजी गंभीर होते. मग मी सांगितलं, की त्या कंपन्या एकाच गोष्टीच्या प्रती सहसा वेगवेगळ्या ठिकाणच्या हॉलमध्ये ठेवतात. एका ठिकाणी पूर आला तरी दुसरीकडची प्रत शाबूत राहते.

"मग तुम्ही एवढ्या काळजीत का दिसता?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, तिकडचे हॉल सहसा बुडत नाहीत. इकडे आपलं बोट घसरतं."

त्यांना ते पटलं. तरी पहिल्यांदा माहिती चढवताना त्यांनी राहुकाळ टाळलाच.

आता एका शब्दाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्या शब्दामुळे घडलं. तो शब्द म्हणजे ‘वर’. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांच्या तोंडी तो आहे. फोटो वर टाका. फाईल वर आहे. वर गेलं का बघा. अपलोड म्हणायला जीभ वळत नाही, आणि ढग तर वरच असतात, म्हणून हा शब्द चिकटला तो चिकटलाच. पण एक तर मराठीत माणूस ‘वर जातो’ तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि दुसरं, ‘वर’ म्हटलं की माणसाला वाटतं, एक वस्तू वर आहे आणि एक खाली, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. हे दुसरं जास्त धोक्याचं.

येवल्याच्या एका महिला गटाने मला वर्ग घ्यायला बोलावलं होतं. स्वतः विणलेल्या पैठण्या मोबाईलवरून विकणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक सुनीता. हसरी, चटपटीत, आणि प्रश्न विचारून विचारून जीव खाणारी. असे विद्यार्थी मला आवडतात. तिचे सासरे जुने विणकर. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना दादा म्हणायचे. दादा नुसते विणत नसत, नक्षी स्वतः काढत. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर, कमळं, वेली काढायच्या, आणि मग त्या कागदाकडे बघत मागावर रेशमाने तेच उतरवायचं. त्यांचा राघू तर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मान वळवून मागे बघणारा राघू, कुणीतरी हाक मारल्यासारखा.

दादांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. नक्षी काढणं संपलं. त्यातच नक्ष्यांच्या कागदांना वाळवी लागली. ती वाळवी मागाच्या लाकडात शिरली असती तर घरच बसलं असतं. म्हणून सुनीताने एकेका कागदाचा फोटो काढला आणि दादांच्या परवानगीने कागद जाळून टाकले. म्हणजे आता दादांची सगळ्या जन्माची नक्षी त्या फोटोंमध्ये होती, आणि परत काढायला हात उरला नव्हता. हे नीट लक्षात ठेवा.

फोटोंच्या फोल्डरला सुनीताने नाव दिलं ‘दादा’. वर्गातच तिने तो क्लाउडवर चढवला आणि काम झाल्यावर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मॅडम, दादा वर गेले!"

वर्गातल्या सगळ्या बायका गर्रकन तिच्याकडे वळल्या. एक म्हातारी तर ओरडली, "अगं ए, जिभंला हाड हाय का नाय?" मग सुनीताने जीभ चावली आणि सगळ्या हसत सुटल्या. घरी जाऊन तिने हे दादांना सांगितलं, तर ते ठसका लागेपर्यंत हसले. मला निरोप धाडला, "मॅडमला म्हणावं, मी अजून खालीच हाय."

झालं. तेव्हापासून त्या फोल्डरमध्ये नवीन फोटो गेला, की सुनीताचा मला मेसेज यायचा: दादा वर गेले. मी अंगठा पाठवायची. आमचा तो रामराम होऊन बसला.

घट बसायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी सकाळी पोहे करत होते. सुनीताचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग म्हणाली, "मॅडम, दादा गेले."

मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. "कधी गं? काय झालं एकदम?"

"आत्ताच. माझ्याच हातनं गेले."

"काय बोलतेस तू?"

"समदे गेले, मॅडम. एक बी राघू नाय ऱ्हायला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्षणभर बरं वाटलं, की चला, म्हातारा जिवंत आहे. आणि लगेच आठवलं, की ती नक्षी परत काढायला हात उरलेला नाही.

झालं होतं असं. घट बसायच्या आधी घर धुऊन-पुसून काढतात. गाद्या उन्हात टाकतात, भांडी घासतात, कोपरान्‌कोपरा झाडतात. सुनीताने घर झाडलं आणि त्याच झपाट्यात मोबाईलही झाडायला घेतला, कारण तो सारखा ‘जागा संपली’ म्हणून रडत होता. सगळ्यात जास्त जागा कुणी अडवली होती? दादांनी. आणि दादा तर वर होतेच की! मग खाली कशाला? तिने सगळे निवडले आणि पुसून टाकले.

नवख्या वाचकांनी हा एक परिच्छेद दोनदा वाचावा. मोबाईलवरचे फोटो आणि क्लाउडवरचे फोटो या बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तू नसतात. दोघांची गाठ मारलेली असते. इथं नवा फोटो काढला, तिथं दिसतो. इथं पुसला, तिथलाही जातो. आरशासमोर उभं राहून आपण टिकली काढली, की आरशातल्या बाईच्या कपाळावरचीही जाते, तसं. ही सोय आहे, राखण नव्हे. राखण म्हणजे या गाठीच्या बाहेर ठेवलेली वेगळी प्रत, माझ्या डब्याच्या पिशवीतल्या टेपसारखी.

आता या कंपन्यांनाही ठाऊक असतं, की माणूस चुकतो. म्हणून पुसलेलं लगेच नष्ट करत नाहीत. एका कचरापेटीत काही दिवस ठेवतात. त्या मुदतीत पेटीतून काढून परत जागेवर ठेवता येतं. मी घाईघाईने म्हटलं, "सुनीता, रडू नकोस. कचरापेटी उघड. तिथं असतील."

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

"सुनीता?"

"ती बी रिकामी केली, मॅडम."

"अगं, का?"

"उद्या घट बसायचे. घरात कचरा कसा ठिऊ?"

ज्यांनी कुणी ती कचरापेटी बनवली, त्यांनी बोट घसरणाऱ्या माणसांचा विचार केला होता. येवल्यात उद्या घट बसणार आहेत, याचा केला नव्हता.

तिच्या नवऱ्याचा फोन त्याच खात्याला जोडलेला होता. तो साड्या घेऊन बाहेरगावी गेला होता. त्याला विचारलं, त्याच्याकडचेही गेले होते. कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं, तर छापील उत्तर आलं, की रिकाम्या केलेल्या पेटीतलं परत मिळत नाही. मी पोह्यांची कढई तशीच झाकून ठेवली आणि डोकं धरून बसले. आणि एकदम मला वर्ग आठवला. पुन्हा फोन लावला.

"सुनीता, वर्गाला तू टॅब आणायचीस. तो कुठाय?"

"तो पडला न् काच तडकली. चार्जिंगची पिन बी ढिली झाली. गौरी-गणपतीपासून कपड्यांखाली ठिवलाय. बंदच हाय."

टॅब गणपतीपासून बंद. म्हणजे आज सकाळी घरात काय घडलं, याची त्याला बातमीच कळलेली नव्हती. त्याच्यात दादा अजून असतील. पण ज्या क्षणी तो चालू होऊन घरातल्या वायफायला लागेल, त्या क्षणी त्याला वरून निरोप मिळणार, की राघू पुसा. आणि तो मोठ्या इमानदारीने पुसणार.

"त्याला हात लावू नकोस," मी ओरडलेच. "चार्जिंगला लावू नकोस. मी येते."

"मग वायफाय बंद करू का?"

ते सगळ्यात उत्तम झालं असतं. पण तिच्या घरात मोबाईलला रेंज नाही. आमचं बोलणं चालायचं ते वायफायवरूनच. वायफाय बंद केलं असतं तर आमच्यातला धागाच तुटला असता, आणि रडणाऱ्या बाईला एकटं सोडायची मला भीती वाटत होती. म्हटलं, राहू दे. टॅब मेलेला आहे तोवर वायफाय चालू असून बिघडत नाही.

"आणि दादांना काय सांगू? जेवण झाल्यावर रोज मोबाईलवर नक्षी बघत्यात."

"सांग, मोबाईल बिघडलाय."

केबल आणि दोन पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकले, स्टँडवर गेले आणि येवल्याची एसटी धरली. खिडकीशी बसून मी नुसती हिशेब करत होते, की टॅब कोण कोण चालू करू शकतं. निफाडच्या पुढे फोन केला. सुनीता हळू आवाजात म्हणाली, "मोबाईल बिघडला म्हणलं, तर म्हणत्यात टॅब काढ. लय बेचैन झालेत, मॅडम. सारखं टॅब, टॅब." मीच शिकवलेली थाप आता त्यांना सरळ टॅबकडे घेऊन चालली होती.

विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग. गाडी हलेना. पुन्हा फोन लावला. रिंगच जाईना. पुन्हा लावला. नाहीच. म्हणजे काय झालं असेल? दादांनी टॅब घेतला? सुनीता त्यांच्याशी भांडत असेल? दादांना काही झालं? मी फोन कानाला लावून, खाली ठेवून, परत लावून शेजारच्या बाईला भंडावून सोडलं असणार. ती म्हणाली, "ताई, कुणी आजारी हाय का?"

मी म्हटलं, "हो."

"कोण?"

"दादा."

तिने मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, "व्हईल बरं." खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही मला, खरं सांगते.

गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंनी हातमागांचा आवाज येत होता. सुनीताच्या घरातला माग गप्प होता. दार सताड उघडं. आत मागाला टेकून दादा बसले होते, मांडीवर टॅब, आणि टॅब चालू! तडकलेल्या काचेवरून त्यांचं डाव्या हाताचं बोट हळूहळू फिरत होतं.

मी दारातूनच ओरडले, "दादा, काही दाबू नका!"

त्यांनी वर बघितलं. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं. "या मॅडम, बसा. हा बघा राघू."

राघू होता. मान वळवून बघत होता. मी फळीवरच्या वायफायच्या डब्याकडे बघितलं. त्याच्यावर एकही दिवा नव्हता. मग दिसलं, की त्याची वायर नुसती लोंबकळते आहे. मागाजवळच्या बोर्डावर एकच प्लग चालतो. सुनीता मागे कामात असताना दादांनी टॅब शोधून काढला होता, तो चार्ज करायला डाव्या हाताने वायफायची पिन उपटली होती आणि तिथं टॅबचा चार्जर खुपसला होता. ढिली पिन हलू नये म्हणून तिला रेशमाच्या दोऱ्याचे वेढे दिले होते, दातांनी गाठ मारून. फोन लागेना म्हणून मी विंचूरला जीव टाकत होते, आणि तो फोन लागत नव्हता म्हणूनच राघू वाचला होता.

"सुनीता कुठाय?"

"तुमचा फोन लागंना म्हणून आत्ताच मागल्या दारानं रस्त्यावर गेली, रेंजला."

आणि तेव्हाच मला आठवलं, सुनीताच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. मोबाईलमधलं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला द्यायची ती सोय असते. वर्गात तिचा टॅब त्यावरच चालायचा, म्हणजे टॅब त्याला ओळखत होता. तो हॉटस्पॉट ती कधी बंद करत नसे. मी वळले, तर सुनीता पायऱ्या चढत होती, मोबाईल हातात. घरात रेंज नाही, पण पायरीवर असली तर?

"तिथंच थांब! उंबऱ्याच्या आत येऊ नकोस! मागे हो!"

बिचारी जागच्या जागी थिजली. समोरच्या दारातून शेजारीण डोकावली. "काय गं सुनीते, घटाच्या तोंडावर अडचण आली का काय?"

"हो," मीच म्हटलं, "फार मोठी."

टॅबवरचं विमानाचं चित्र दाबलं, की त्याचे बाहेरच्या जगाशी सगळे संबंध तुटतात. मी ते दाबलं. घाईत पहिल्यांदा भलतंच काहीतरी उघडलं. मग पेनड्राइव्ह लावला. नक्ष्या एकेक करून उतरायला लागल्या. सुनीता अजून बाहेरच उभी होती. मी हाक मारली तेव्हा आत आली आणि दादांच्या पायाशी बसून इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं रडून घेतलं. दादांना काही कळेना. मग तिने स्वतःच सगळं सांगितलं, घटासकट, कचऱ्यासकट.

दादांनी एकदा टॅबकडे, एकदा पेनड्राइव्हकडे बघितलं. मला भीती वाटत होती, की आता काय बोलतात. मग म्हणाले, "समदे घावले का?"

समदे नव्हते घावले. एक राहिला. अलीकडे दादा डाव्या हाताने पाटीवर खडूने नक्षी काढायचा सराव करत होते. पहिला जमलेला राघू सुनीताने फोटो काढून ठेवला होता, पाटी पुसली गेली होती, आणि तो फोटो टॅब बंद पडल्यानंतरचा होता. तो गेला. सुनीताला ते सांगवेना, मी सांगितलं.

"त्यो वाकडाच होता," दादा म्हणाले. "उडाला तं उडू द्या. सुने, पाटी आन."

त्या दिवशी मी दोन प्रती केल्या. एक सुनीताच्या कपाटात, एक नाशिक रोडला माझ्याकडे. तिसरी पुन्हा क्लाउडवर चढवली. एक वर, एक खाली, एक लांब. शिवाय बजावलं, की आता ‘वर’ म्हणायचं नाही, ‘दुसरीकडे’ म्हणायचं. सुनीताने म्हणून बघितलं, "दादा दुसरीकडे गेले," आणि तोंडावर हात घेतला. "हे तं त्याहून वाईट, मॅडम." दादा पुन्हा ठसका लागेपर्यंत हसले. म्हणजे ‘वर’च राहिला.

माझ्याकडची प्रत मी जुन्या डब्याच्या पिशवीत ठेवली. त्या पिशवीत आता डबा नसतो. तरी काळजी काही गेली नाही. दरवर्षी घट बसायच्या आधी मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगते, घरातला कचरा काढा, मोबाईलमधला राहू द्या. लोक मला हसतात. हसोत बापडे.

दादांचा डावा हात हळूहळू बसत गेला. पाटीवरून ते पुन्हा चौकटीच्या कागदावर आले. नवा राघू जरा वाकडा होता, मान थोडी जास्तच वळलेली. सुनीताने तो मागावर घेतला. नव्या नक्षीचा फोटो गेला, की मेसेज यायचा: दादा वर गेले. मी लगेच येवल्याची नवी नक्षी माझ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची आणि मग अंगठा पाठवायची. तो नियमच होता.

परवा दुपारी मी भाजी निवडत होते. मेसेज आला: दादा वर गेले. हात ओले होते. म्हटलं, उतरवून नंतर घेऊ, आधी अंगठा पाठवला. मग हात पुसून फोल्डर उघडला. नवीन काहीच नव्हतं. मागच्या आठवड्यातला तोच राघू शेवटी होता. थोडी थांबले, पुन्हा बघितलं. माझं नेहमीचं सुरू झालं, की गाठ तुटली असेल, खातं बंद पडलं असेल, सुनीताने पुन्हा काहीतरी पुसलं असेल. फोन लावला.

तिने उचलला. मागे बायकांचा रडण्याचा आवाज येत होता.

"सुनीता, अगं, मला वाटलं..."

"मला ठावं हाय, मॅडम. तुमचा अंगठा आला." तिचा आवाज अगदी बसला होता. "मी तरी काय लिहू? हात दुसरं काय लिहीचना."

मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीच म्हणाली, "मॅडम, तुमच्याकं एक ठिवलंय ना? लांबचं?"

मी फोन कानाशी धरून तशीच कपाटापाशी गेले, डब्याची पिशवी काढली आणि आत हात घालून चाचपून बघितलं.

"हाय गं," मी म्हटलं. "इथं हाय."